बीजीव्ही चालू आहे

नोकरी मागणाऱ्याने स्वतःबद्दल जे सांगितले ते खरे आहे का, हे तिसऱ्याच कोणाला तरी विचारून ठरवण्याच्या कामाला पार्श्वभूमी पडताळणी म्हणतात. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत ती 'बीजीव्ही' या नावाने ओळखली जाते. "जॉइनिंग कधी?" असे विचारले की उमेदवार "बीजीव्ही चालू आहे" असे सांगतो. ज्या साहेबाला माणूस कालच हवा होता तो "बीजीव्हीत अडकलंय" म्हणतो, आणि उमेदवाराची आई शेजारणीला "त्याचं ते बीजी काहीतरी राहिलंय, झालं की लागलाच" असे कळवते. ते नेमके कोठे चालू आहे, हे तिघांनाही माहीत नसते. एजन्सीला विचारले तर ती "कंपनीकडून कागद यायचेत" म्हणते, कंपनी "उमेदवाराकडून यायचेत" म्हणते, आणि उमेदवाराने ते कागद दोनदा अपलोड केलेले असतात, एकदा उभे आणि एकदा आडवे.

पडताळणीची गरज बायोडेटा नावाच्या वाङ्मयप्रकारातून निर्माण झाली. या प्रकारात कोणीही साधा नसतो. तीन महिने कोणाच्या तरी शेजारी बसून एक्सेलमध्ये आकडे भरलेल्या मुलाने एका मोठ्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेले असते. छंदांच्या रकान्यात वाचन असते, आणि शेवटचे पुस्तक कोणते वाचले असे विचारले की खोलीत पाणी मागवले जाते. अर्थात जाहिरातीतले 'आकर्षक वेतन' आणि 'प्रगतीच्या अमाप संधी' हे शब्द लिहिणाराही त्याच शाळेचा विद्यार्थी असतो. फरक एवढाच, की पडताळणीचे बिल कंपनी भरते, त्यामुळे पडताळणी उमेदवाराची होते.

हा संशय फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात अमात्यांची पारख करण्याच्या चार युक्त्या दिल्या आहेत. त्यांना उपधा म्हणतात. धर्म, अर्थ, काम आणि भय अशा त्या चार. पहिल्या परीक्षेत राजाने काढून टाकल्याचे नाटक केलेला पुरोहित गुप्तपणे माणूस पाठवून विचारतो, की हा राजा अधार्मिक आहे, दुसरा बसवू या, तुमचे मत काय? तिसऱ्या परीक्षेत एक परिव्राजिका येऊन सांगते, की महाराणींचे तुमच्यावर मन बसले आहे. जो नाही म्हणेल तो शुद्ध. धर्माच्या परीक्षेत टिकलेल्याला न्यायदानाकडे, अर्थाच्या परीक्षेत टिकलेल्याला खजिन्याकडे, भयाच्या परीक्षेत टिकलेल्याला राजाच्या जवळपास नेमायचे, आणि चारही पार करणाऱ्याला मंत्री करायचे. चारही परीक्षांत नापास झालेल्याला घरी पाठवायची मात्र सोय नाही. त्याला खाणी, जंगले, हत्ती आणि कारखाने यांच्यावर नेमावे असा आदेश आहे. कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या वाचकांचा आपल्या मॅनेजरबद्दलचा एक जुना प्रश्न येथे सुटावा. ही पद्धत पूर्वाचार्यांची. कौटिल्याने स्वतः तीत एक दुरुस्ती सुचवली, की राजाने स्वतःला किंवा राणीला अशा परीक्षेत आमिष म्हणून वापरू नये. एखादा अमात्य परीक्षा आहे हे न ओळखता मनापासून 'हो' म्हणाला तर काय, हा विचार त्याच्या आधी कोणी केलेला दिसत नाही.

शिवकाळात लष्करात नवा माणूस घेताना आधीपासून चाकरीत असलेल्याचा जामीन घेत असत. आजच्या कंपन्यांत याचेच 'एम्प्लॉयी रेफरल' झाले आहे, फक्त जोखमीची दिशा बदलली. पूर्वी माणूस वाईट निघाला तर जामीन अडकायचा. आता आणणाऱ्याला बोनस मिळतो, आणि माणूस कसा निघाला हे कळेपर्यंत तो खर्चही झालेला असतो. इंग्रजी अमलात बदली होऊन जाणारा साहेब खानसाम्याला चिठ्ठी लिहून देई. तीत कधी रश्श्याची स्तुती असे, कधी साखर मोजून ठेवण्याचा इशारा, आणि इंग्रजी न येणारा खानसामा दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच अभिमानाने पुढच्या साहेबापुढे ठेवी.

आताची पडताळणी कायदेशीर असावी लागते, आणि कायदेशीर पडताळणी व नुसत्या भोचक चौकशा यांच्यामधली भिंत संमतीची आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. ही बातमी पुणे-मुंबई गाडीत अजून पोचलेली नाही. तेथे शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूस लोणावळा यायच्या आत पगार, घरभाडे आणि लग्न न होण्याची कारणे विचारून घेतो आणि कर्जतपर्यंत सल्लाही देतो. पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या अंगवळणी पाडून घ्यायला कंपन्यांना १८ महिने देण्यात आले. या कायद्याप्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते. प्रत्यक्षात ती अशी मिळते:

"मॅडम, हे चौदा पानी सगळं वाचायचं का?"

"नाही हो, खाली फक्त टिक करा."

"आणि नाही केलं तर?"

"तर काहीच नाही. ऑफर लेटर येणार नाही."

टिक होते. ती निःसंदिग्ध असते यात शंका नाही.

संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असेही हा कायदा म्हणतो. मराठी त्यांत आहे. परंतु मराठी मजकूर "सदरहू माहितीधारकाच्या उपरोक्त प्रयोजनार्थ प्रकटीकरणाधीन" अशा चालीने सुरू झाला, की कोल्हापूरचा अस्सल मराठी मुलगा दुसऱ्या ओळीला विचारतो, "हे इंग्रजीत आहे का?" इंग्रजीतले त्याला कळते असे नाही, पण इंग्रजी न कळण्याची त्याला सवय असते. चुकीबद्दल दोन्ही बाजूंना दंड आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन माहिती देणाऱ्या उमेदवाराला १०,००० रुपयांपर्यंत, आणि सुरक्षेत हयगय करून लोकांची माहिती फुटू देणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत. दोघांच्या हातून होऊ शकणाऱ्या नुकसानीचा हा सरकारी अंदाज आहे.

काय विचारायचे याला कामाशी संबंध असण्याची मर्यादा आहे. ड्रायव्हरचा परवाना तपासावा, रोखपालाचा मागचा हिशेब तपासावा, हे कोणालाही पटते. पण विचारणारा हाडामांसाचा असतो, त्याला फॉर्मवरचे प्रश्न अपुरे वाटतात. "पाटील म्हणजे कुठले पाटील?" हा प्रश्न कोणत्याही फॉर्मवर छापलेला नसतो आणि कोणत्याही मुलाखतीत राहून जात नाही. उमेदवार "सातारचे" असे भौगोलिक उत्तर देतो. विचारणारा समजूतदारपणे मान हलवतो आणि मामांचे आडनाव विचारतो. बाई उमेदवार असेल तर "मिस्टर काय करतात?" आणि मिस्टर नसतील तर "काही विचार?" हे कामाशी संबंधित धरले जाते. हे सगळे नंतर 'उमेदवाराशी मोकळ्या वातावरणात चर्चा' या नावाने नोंदवतात.

पहिली पायरी ओळख पटवण्याची. आधारचा आग्रह खासगी कंपनीला धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी संस्थांना तशी मोकळीक देणारा भाग रद्द केला. म्हणून कंपन्या आग्रह धरत नाहीत, फक्त "बाकी कोणताही पुरावा चालेल, पण आधार असेल तर लवकर होईल" असे सांगतात. आधारवरचा फोटो हा प्रश्न वेगळाच. तो पाहून कोणाची ओळख पटली, तर त्या माणसाने आधी डॉक्टरकडे जावे.

जन्मतारखेवर संगणक अडखळतो, कारण त्याला महाराष्ट्राची शाळा माहीत नाही. पोराला पहिलीत घालायला आणलेल्या बापाला जन्म "बेंदराच्या आदल्या दिवशी, मोठ्या पुरानंतर" एवढाच आठवत असे, आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. त्यामुळे राज्यातल्या एका पिढीचा मोठा भाग एकाच दिवशी जन्मलेला आहे. एखाद्या विभागात ४० लोकांची माहिती भरली आणि त्यांतले अकरा एक जूनचे निघाले, की बंगळुरूत बसलेला तपासनीस संशयाने लाल खूण करतो. त्याला फोनवर समजावून सांगावे लागते, की यात कट नाही, हे गुरुजी आहेत.

नावाची गंमत त्याहून मोठी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, पॅनकार्डावर वडिलांचे नाव पूर्ण, बँकेत नुसते अक्षर. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत निदान अर्धा डझन प्रकारे लिहिता येते, आणि एकाच चौधरींच्या कागदांवर त्यांतले चार सापडतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला महाराष्ट्र शासनाचे राजपत्र दाखवावे लागते, आणि न बदललेल्या बाईला न बदलल्याचा पुरावा मागितला जातो. गावे आणि विद्यापीठेही स्थिर राहत नाहीत. औरंगाबादला जन्मून मराठवाडा विद्यापीठात पदवी घेतलेल्या आणि पुढे पुणे विद्यापीठात गेलेल्या माणसाच्या फॉर्मवरचे एकही नाव आज यादीत जसेच्या तसे सापडत नाही. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला, पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव २०१४ मध्ये मिळाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले. माणूस तोच राहिला, ही त्याची चूक अहवालात 'विसंगती' या शीर्षकाखाली येते.

पत्त्याची पडताळणी हा या शास्त्राचा सर्वांत रम्य भाग. त्यासाठी दर पत्त्यामागे ठरलेले पैसे घेणारा एक मुलगा दुचाकीवरून येतो. फॉर्ममध्ये 'जवळची खूण' असा रकाना असतो. शहरातला माणूस तेथे बंद पडलेल्या थिएटरचे नाव लिहितो आणि गावाकडचा "म्हसोबाच्या अलीकडे, पाटलाच्या विहिरीवरून डावीकडे" असे लिहितो; त्यांपैकी पाटलाची विहीर बुजलेली असते. कायमचा पत्ता म्हणून दिलेला पुण्यातला वाडा पुनर्विकासाला गेलेला असतो, आणि मुलगा पत्र्याच्या कुंपणाशी उभा राहून खड्ड्याचा फोटो काढतो. घर सापडले आणि कुलूप असले, तर शेजारी विचारण्याची पद्धत आहे.

"काकू, वरच्या मजल्यावरच्या ताई इथेच राहतात ना? जरा चौकशीला आलो होतो."

"राहतात की. या ना, बसा. मुलगा कोण? तुम्हीच?"

"नाही, मी फक्त चौकशीला."

"हो हो, कळलं. आजकाल आधी असंच कोणीतरी येतं. मुलगी लाखात एक आहे बघा. पगार बारा लाख."

फॉर्मवर पगार सात लाख असतो. मुलगा तो खोडावा की नाही या विचारात असताना पोहे येतात. उमेदवार किती वर्षे येथे राहते या प्रश्नाला काकू तिच्या बारशापासून सुरुवात करतात. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवरून आईला "कुठलं स्थळ?" असे विचारून झालेले असते. अहवालात एवढेच येते: पत्ता पडताळला, शेजाऱ्याने दुजोरा दिला. दुचाकीवरचा मुलगा पदवीधर आहे, अविवाहित आहे, सांगलीला स्वतःचे घर आणि थोडी शेती आहे, ही माहिती मात्र काकूंनी त्याच्याकडून काढून घेतलेली असते, आणि तिच्यासाठी कोणाची संमती घेतलेली नसते.

अलीकडे माणूस पाठवण्याऐवजी लिंक पाठवतात. उमेदवाराने दारात उभे राहून फोटो काढायचा, स्थळाची नोंद आपोआप होते. उमेदवार पुण्यात आणि कायमचे घर लातूरला असल्याने हे काम वडिलांवर येते. वडील पहिल्यांदा अंगठ्याचा, मग पंख्याचा आणि शेवटी सदरा बदलून, टोपी घालून, सहकुटुंब असा फोटो पाठवतात. तो स्टुडिओत काढलेला असतो.

शिक्षणाची पडताळणी त्या मानाने कोरडी आहे. २०१५ पासून डिजिलॉकर आल्यामुळे बऱ्याच गुणपत्रिका थेट मिळतात. नाहीतर विद्यापीठाकडे शुल्क भरून वाट पाहायची. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तीत नागपूरच्याही एका संस्थेचे नाव वर्षानुवर्षे आहे. अशा पदव्या विकत घेणाऱ्यांचा एक दोष हमखास पकडला जातो, तो म्हणजे गुण. खरा मराठी विद्यार्थी ५८.३३ टक्के मिळवतो. विकत घेणारा पैसे देऊन ५८ टक्के कशाला घेईल?

आधीच्या नोकरीची चौकशी हे नाजूक प्रकरण. रिलिव्हिंग लेटर नावाचा कागद मिळाल्याशिवाय माणूस सुटला असे मानत नाहीत, आणि तो कागद लॅपटॉप, ओळखपत्र व लॉकरची किल्ली परत केल्याशिवाय मिळत नाही. किल्ली कधीच कोणाला मिळालेली नसते. दोन नोकऱ्यांमध्ये सहा महिन्यांचे अंतर असेल तर त्याला 'गॅप' म्हणतात आणि त्याचे लेखी स्पष्टीकरण मागतात. "थकलो होतो" हे खरे उत्तर चालत नाही. "कौटुंबिक जबाबदारी" चालते. पूर्वी येथे थोडी कल्पनाशक्ती वापरता येत असे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४ मध्ये प्रत्येकाला एकच कायम खाते क्रमांक द्यायला सुरुवात केली, आणि कोणी कोठे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होते हे सरकारी नोंदीत दिसू लागले. एकाच महिन्यात दोन मालकांची वर्गणी आलेली दिसली, की दोन खुर्च्यांवर एक माणूस बसला होता हे उघड होते. २०२२ मध्ये विप्रोच्या अध्यक्षांनी प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणारे ३०० जण काढून टाकल्याचे जाहीर केले, तेव्हा एक नोकरी जेमतेम झेपणाऱ्या मध्यमवर्गाला त्या ३०० जणांबद्दल रागापेक्षा आदरच अधिक वाटला.

जुन्या कंपनीला फोन केला तर ती फक्त तारखा आणि हुद्दा सांगते. "माणूस कसा होता?" या प्रश्नाला "आमच्या पॉलिसीत बसत नाही" असे उत्तर येते. ते शब्दशः कोणत्या अर्थाने घ्यायचे, हे ऐकणाऱ्यावर सोडलेले असते. यामागे बदनामीच्या खटल्याची भीती असते. वास्तविक कायदा इतका भित्रा नाही. बदनामीच्या कलमालाच अपवाद आहे, की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान गुन्हा ठरत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्याचे उदाहरणही होते: दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो, अमक्याला रोखीशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल माझे मत बरे नाही. हे चालते. तरीही आपल्याकडच्या दुकानदारांनी खटल्याची जोखीम पत्करली नाही. त्यांनी सगळ्या जगासाठी मिळून 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावली.

उमेदवाराने स्वतः दिलेल्या दोन संदर्भ-व्यक्ती हा प्रकार त्यामुळेच टिकून आहे. त्या नात्यातल्या नसाव्यात अशी अट असते. म्हणून मेहुणे 'माजी वरिष्ठ' होतात. त्यांना फोन यायच्या आधी तयारी करून घेतली जाते, तरी ऐन वेळी "त्याच्यातला एखादा दोष?" असे विचारले की मेहुणे मोकळे होतात आणि कोणाचे तरी वीस हजार परत न केल्याची हकीकत बाहेर येते. खरे माजी साहेब असतील तर त्यांचे बोलणे उलटे वाचावे लागते. ज्या माणसाला काढायला साहेब दोन वर्षे धडपडत होते त्याची ते मुक्तकंठाने स्तुती करतात, आणि ज्याच्या जाण्याने विभाग उघडा पडला त्याच्याबद्दल "ठीक आहे, पण विचार करून घ्या" असे म्हणतात.

न्यायालयीन नोंदी आता घरबसल्या शोधता येतात, पण तेथे नाव असते, जन्मतारीख नसते. पाटील, शिंदे किंवा जाधव या आडनावाच्या उमेदवाराचा शोध घेतला, की मारामारीपासून चेक न वटण्यापर्यंत सर्व प्रकारचे गुन्हे त्याच्या संभाव्य खात्यावर जमा होतात. जमीन असलेल्या घरातला उमेदवार असेल तर दिवाणी दावा हमखास निघतो.

"तुमच्यावर केस आहे असं दिसतंय."

"ती वाटणीची. आजोबांच्या चुलत्यांनी लावलीय."

"पण प्रतिवादी क्रमांक सतरा तुम्ही आहात."

"दावा लागला तेव्हा मी जन्मलो नव्हतो, मॅडम. जन्मल्यावर वारस म्हणून लावलं."

"मग निकाल कधी?"

"मुलगा झालाय मला. त्याचं नाव लावायचंय, मग बघू."

पोलिसांच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तो उमेदवाराने स्वतः करायचा. पुढे ठाण्यातून बोलावणे येते. आयुष्यात प्रथमच पोलीस ठाण्याची पायरी चढणारा मुलगा तेथे आपोआप गुन्हेगारासारखा दिसू लागतो.

"काय केलंय?" हवालदार विचारतात.

"काही नाही, साहेब."

"मग आलात कशाला?"

"काही केलं नाही याचा दाखला पाहिजे."

दाखला मिळतो. त्यात चारित्र्य उत्तम आहे असे लिहिलेले नसते. नोंदीत काही सापडले नाही एवढेच असते, आणि बहुतेक माणसांबद्दल याहून अधिक खात्रीने काही लिहिताही येणार नाही. जुना गुन्हा लपवला म्हणून नोकरी आपोआप जाते असेही नाही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लपवलेली गोष्ट काय, पद कोणते, हे पाहून मालकाने निर्णय करावा. तरुण वयात दिलेल्या घोषणांसारखी किरकोळ बाब असेल तर दुर्लक्षही करता येते. ही सवलत नसती तर महाराष्ट्रातली निम्मी भरती थांबली असती.

कर्जफेडीचा इतिहास सरकारी बँका भरतीत पाहतात आणि जाहिरातीत तसे सांगतात. ज्याला कर्जे फेडण्यासाठी नोकरी हवी आहे त्याला कर्जे न फेडल्यामुळे नोकरी न मिळणे, हा हिशेब बँकेलाच जमू शकतो. वैद्यकीय तपासणी कामाच्या गरजेपुरती चालते, मात्र एचआयव्ही चाचणीची अट घालायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. समाजमाध्यमांवरची चाळणी हा नवा उद्योग. तीत उमेदवाराची मते शोधायला गेलेल्या यंत्राला हजारो गुड मॉर्निंग सापडतात, आणि कधी कोपऱ्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो, ज्यात उमेदवार गॉगल लावून 'भावी नगरसेवक' म्हणून हात जोडून उभा असतो. याला लाल द्यावा की पिवळा, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

कारण शेवटी सगळ्याचा रंग होतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे किरकोळ विसंगती, लाल म्हणजे गंभीर. चौधरींच्या आडनावातले एक जास्तीचे अक्षर पिवळे असते. कंपनी बंद पडल्यामुळे फोन कोणी उचलला नाही, तेही पिवळे. साहेबाला माणूस तातडीने हवा असेल तर पिवळ्यात हिरवी छटा दिसते. दरम्यान भरती गोठली असेल तर तोच पिवळा तांबूस होतो. माणूस वेळेवर येईल का, दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवील का, डब्यातली चटणी न विचारता खाईल का, या प्रश्नांना रंग नाहीत. या विषयावर लेख लिहिणाऱ्यांचीही पडताळणी कोणी करत नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

काही ठिकाणी पडताळणी ऐच्छिक नाही. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे रखवालदाराचे चारित्र्य तपासणे बंधनकारक आहे, आणि मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या शाळांसारख्या संस्थांनी सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करावी असे पॉक्सोचे २०२० चे नियम सांगतात. येथे विनोदाला जागा नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी "ओळखीचाच आहे हो" एवढ्यावर काम भागवले जाते. गृहनिर्माण सोसायट्या मात्र फार दक्ष असतात. घरकामाच्या मावशींची पोलीस पडताळणी झाल्याशिवाय फाटकातून आत सोडायचे नाही असा ठराव सर्वसाधारण सभेत होतो. तो मांडणाऱ्या सेक्रेटरींचा स्वतःचा देखभाल खर्च तीन तिमाह्यांचा थकलेला असतो.

"मावशी, आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आणा. आधी कुठं कुठं काम केलं तेही लिहून द्या."

"देते की वहिनी. तुमच्याकडं आधी तिघी होत्या, त्यांना मी विचारूनच आले. भांडी फार, सुट्टीचे पैसे कापता आणि चहा दुसऱ्या पत्तीचा. म्हणून पाचशे जास्त सांगितले."

या पडताळणीला कोणतीही एजन्सी लागली नव्हती, ती खालच्या बाकावर दहा मिनिटांत पूर्ण झाली होती, आणि तिच्यात एकही विसंगती नव्हती.

उमेदवाराला आपल्याबद्दल काय जमवले ते पाहण्याचा आणि चुकीचे असेल ते दुरुस्त करून घेण्याचा हक्क नव्या कायद्याने दिला आहे. काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधनही आहे. व्यवहारात काम कधी संपले हे ठरवण्याचे काम कोणाकडेच नसते, त्यामुळे न घेतलेल्या उमेदवारांचे दाखले, वडिलांचा टोपीतला फोटो आणि रद्द केलेले चेक एका सामायिक फोल्डरमध्ये राहतात. फोल्डरचे नाव 'जुने फायनल २' असते आणि पासवर्ड कंपनीचे नाव व पुढे एक-दोन-तीन. ते पुसायला सांगणारी मेल ज्या मुलीला जाते ती मागच्या महिन्यात नोकरी सोडून गेलेली असते. तिच्या नव्या कंपनीची एजन्सी येथे तिच्याबद्दल विचारायला तीनदा फोन करून चुकलेली असते. तो फोन जिने उचलायचा, ती तिच्या जागी येणारी मुलगी अजून रुजू झालेली नाही. तिचे बीजीव्ही चालू आहे.